ऐरावत जेवत नाही

बडोद्याहून परत आल्यापासून वाईच्या घाटावर मला एकच प्रश्न विचारला जातो, "सगुणाताई, तिकडे काय काय पाहिलंत?" विचारणाऱ्या बायकांना सोन्याची तोफ हवी असते, राजवाडा हवा असतो, अंबारीतून निघालेली सरकारस्वारी हवी असते. राजवाडा मी पाहिला, पण रस्त्यावरून आणि झाडांच्या आडून, टांगेवाल्याने दया येऊन घोडा थांबवला तेवढाच. तोफेचं नाव काढलं तर मामा म्हणाले, "ती काय दुकानात मांडून ठेवलीय?" बाकीचा माझा सगळा वेळ एका कुत्र्याला जेवायला घालण्यात गेला. हे सांगितलं की बायका एकमेकींकडे बघतात. मी काहीतरी लपवतेय असं त्यांना वाटतं. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

दांडिया बाजार

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सगळी हयात बडोदे सरकारच्या पीलखान्यात कारकुनी करून पेन्शनीत निघालेले. हत्तींचा गूळ, हत्तींच्या रोट्या, हत्तींचं औषधपाणी यात त्यांचा जन्म गेला. मामी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावा लहानपणीच देवीत गेलेला. म्हणजे ऑपरेशन साधलं तर दृष्टी, नाही तर उरलेलं आयुष्य भिंत चाचपत काढायचं. त्यांच्याजवळ राहायला कोणीतरी हवं होतं. आमच्या घरात रिकामी मीच. भावाने पुण्यापर्यंत पोचवलं, पुढे बायकांच्या डब्यात बसवून दिलं, आणि माझ्या हातचे सगळे लाडू गुजराती बायकांना खाऊ घालून मी बडोद्याला उतरले.

पौषातली थंडी होती. मामा स्टेशनावर आले होते, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला एक कुत्रं. पिवळट रंगाचं, आखूड पायांचं, एक कान उभा आणि एक पडका.

"हा ऐरावत," मामा म्हणाले.

मी इतकी हसले की हमालानेही वळून पाहिलं. मामा गंभीरच होते. "पीलखान्यात जन्मला. हत्तीच्या पायाखालून वाचला. मग दुसरं काय नाव ठेवणार?"

दांडिया बाजारात शिरलं की आपण गुजराथेत आलोय हे विसरायला होतं. दारात तुळशी, ओट्यावर नऊवारी लुगडी, आणि भांडणंसुद्धा मराठीत. पण कान देऊन ऐकलं की कळतं, पाणी वेगळं आहे. मामांच्या शेजारची पेशवाईतल्या घराण्याची सून मुलाला म्हणत होती, "अरे, जमायला चल, भात ठंडा झाला!" मी दचकले. जमायला म्हणजे जेवायला! चार दिवसांनी मीच भाजीवालीला "केटला?" विचारत होते आणि ती मला मराठीत उत्तर देत होती.

आमच्या समोर काशीबेन राहायच्या. जाडजूड, हसऱ्या, आणि सगळ्या गल्लीच्या कारभारात त्यांचा हात. मी आल्या आल्या त्यांनी खिचडी-कढीचं पातेलं पाठवलं. कढीत गूळ. आम्ही वाईकर आमटीत गूळ घालतो म्हणून आसपासचे लोक आम्हाला हसतात. त्या कढीपुढे आमची आमटी म्हणजे कारल्याचा रस म्हणायची. पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी पातेलं पुसून खाल्लं.

दुसऱ्याच दिवशी मामांना इस्पितळात जायचं होतं. आदल्या रात्री मी स्वैपाकघरात भाकऱ्या थापत होते, मामा बाहेर पडवीत जेवले, कुत्र्याचंही तिथेच झालं. सकाळी ते उपाशीच निघाले. टांग्यात बसताना त्यांनी ऐरावताच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला काही सांगितलं नाही, मला सांगितलं.

"सगुणे, याला बघ. माझ्या घरात तेवढाच एक आहे."

इस्पितळ

ऑपरेशन बेस झालं असं पारशी डॉक्टर म्हणाले. त्यानंतरचे नियम मात्र ऑपरेशनहून अवघड. मामांनी उताणं पडून राहायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. "अने रडवानूं तो बिलकुल नहीं," डॉक्टरांनी मला दाराबाहेर घेऊन बजावलं. डोळ्याला ताण पडला की जखम उघडेल, आणि मग परमेश्वराच्या हातीसुद्धा काही राहणार नाही.

मी आत गेले. पट्ट्यांखालून मामांनी पहिला प्रश्न केला.

"तो जेवला?"

"जेवला की," मी म्हणाले.

तो जेवला नव्हता. सकाळी मी त्याच्या जर्मनच्या थाळीत दूधभाकरी कुस्करून ठेवली होती. त्याने ती हुंगली, माझ्याकडे पाहिलं, आणि शेजारी अंग मुडपून बसला. मला वाटलं, धनी गेलाय, रुसला असेल, दुपारी खाईल. दुपारी भात घातला. तोच प्रकार. संध्याकाळी भाकरीला तूप लावलं, जे मी स्वतःच्या भाकरीला कधी लावत नाही. त्याने शेपटी हलवून आभार मानले आणि शिवलासुद्धा नाही.

मामांपुढे खरं बोलायची सोय नव्हती. त्यांना कळलं असतं तर ते काठीसुद्धा न घेता उठून घरी आले असते, आणि आले नसते तर डोळे भरून आले असते. दोन्हीचा अर्थ एकच. म्हणून मी रोज इस्पितळात जाऊन ऐरावताच्या जेवणाचं रसभरीत वर्णन करू लागले. आज भाकरी खाल्ली, आज काशीबेनची खिचडी खाल्ली, आज तर वर ताकही मागितलं. मामा हसायचं नाही म्हणून ओठ घट्ट मिटून ऐकायचे.

इकडे गल्लीत वार्ता पसरली. ऐरावत जमतो नाही. आता बडोद्याच्या लोकांचं एक सांगते. आमच्याकडे गल्लीतलं कुत्रं म्हणजे दगड मारायची जागा. तिकडे घरोघर पहिली रोटली गाईची आणि शेवटची कुत्र्याची, आणि एखादी कुत्री व्याली तर बायका वर्गणी काढून तिला तुपाचा शिरा करून घालतात. बाळंतिणीसारखी तिची बडदास्त. मी हे पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. आमच्याकडे बाळंतीण झालेल्या बाईलासुद्धा इतक्या प्रेमाने शिरा मिळेल याची खात्री नाही.

तेव्हा जो तो उपाय घेऊन आला. काशीबेननी नजर काढली. "बेन, एने नजर लागी छे!" त्यांनी मिरच्या आणि मीठ ओवाळून चुलीत टाकलं. त्या धुराने आम्ही दोघी खोकून बेजार झालो. ऐरावत मात्र शांतपणे पडवीतून अंगणात जाऊन बसला. शेजारणीने पोटात जंत म्हणून कडुलिंबाचा रस आणला. तो मी गुपचूप तुळशीत ओतला. कोणी म्हणालं हवा बदलून बघा. म्हणून मी त्याला दोरी लावून कमाटीबागेत घेऊन गेले.

कमाटीबाग

बाग पाहून वाईच्या बायकांना काय सांगू असं मला झालं. राजाने बाग बांधावी आणि ती लोकांना फिरायला खुली ठेवावी, हेच मुळी मला नवल. पिंजऱ्यात वाघ, माकडं, रंगीत पक्षी. बँड वाजतोय, मुली शाळेचं दप्तर घेऊन झाडाखाली बसल्यात. त्या राज्यात मुलीला शाळेत घातलं नाही तर बापाला दंड होतो. मी आठ-दहा वर्षांच्या त्या पोरी पाहत किती वेळ उभी राहिले कोण जाणे. त्या वयात माझं लग्न झालं होतं आणि पुढच्या दोन वर्षांत संपलंही होतं.

नदीवरच्या पुलावरून कोणीतरी मगर दाखवली. मला ओंडका दिसला. ओंडक्याने जांभई दिली तेव्हा मी किंचाळले आणि ऐरावत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. चार बोटं उंचीचे पाय, रिकामं पोट, आणि पुलाखालच्या मगरीवर गुरगुरतोय. मगरीला अर्थात पत्ताच नव्हता. मला मात्र एकदम रडू आलं. मी त्याला पोंक विकत घेऊन दिला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण तिकडे त्यावर बारीक शेव आणि लिंबू घालतात. त्याने हुंगला. मी खाल्ला. फार छान लागला.

त्याच्या वागण्यात दुःख नव्हतं, हेच मला समजेना. सकाळ-संध्याकाळ तो उंबऱ्यावर दाराकडे तोंड करून बसायचा. रडणं नाही, विव्हळणं नाही. रस्त्यात टांगा थांबला की उभा कान टवकारायचा, टांगा दुसऱ्याच्या दारी गेला की कान खाली. आणि पुन्हा पुढच्या टांग्याला तेवढ्याच आशेने वर. मी घरात येरझाऱ्या घालत होते. पट्टी निघाली आणि अंधारच असला तर? जखम पिकली तर? काळजी मी करत होते आणि वाट तो पाहत होता, आणि दोघांत थकून कोण गेलं असेल तर मीच.

उतराण

संक्रांतीला तिकडे उतराण म्हणतात आणि त्या दिवशी गाव जमिनीवर नसतं. सगळे छपरांवर. आकाशभर पतंग, "काप्यो छे!" असा आरडाओरडा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपल्यासारखं तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगत नाहीत. गोड तर ते बारा महिने बोलतातच. काशीबेननी त्या दिवशी खास कुत्र्यांसाठी म्हणून लाडू वळले होते. एक ऐरावतापुढे ठेवला. त्याने नम्रपणे मान वळवली. काशीबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "हवे भगवान जाणे," त्या म्हणाल्या.

दुपारी आप्पा आले. आप्पा म्हणजे मामांचे पीलखान्यातले जुने सोबती. पेन्शनीनंतर मुलाकडे करजणला राहायचे. इस्पितळात मामांना भेटून ते जेवायला आमच्याकडे आले आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते. मी पडवीत त्यांचं पान मांडलं. सणाची मिश्र भाजी म्हणून उंधियूही होतं, काशीबेनकडचं. ऐरावताच्या थाळीत सवयीने भात टाकून ठेवला आणि त्याच्याकडे पाहायचंही सोडून दिलं.

आप्पा पाटावर बसले. हातात पाणी घेतलं, ओठातल्या ओठात काही म्हटलं, पानाभोवती पाणी फिरवलं, उजव्या हाताला चित्राहुतीची चार शितं ठेवली. आणि माझ्या पाठीमागे थाळी खडखडली.

ऐरावत जेवत होता. बकाबका, थाळी ढकलत, भिंतीपर्यंत नेत.

मी तूप वाढायचं विसरून तशीच उभी. आप्पांनी पाहिलं आणि म्हणाले, "का हो, काय झालं?"

"तो जेवला," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. आप्पा घास हातात धरून ऐकत होते. "अहो, तो तर पाणी फिरवल्याशिवाय कधीच तोंड लावत नाही! पिल्लू होता तेव्हापासून. तुमचे मामा पाणी फिरवणार, मग हा जेवणार. आम्ही पीलखान्यात हसायचो, हे कुत्रं आहे का भटजी! पण तुमच्या लक्षात कसं आलं नाही? घरात पाणी फिरवत नाही का कोणी?"

घरात मी एकटी होते. आणि बायकांनी चित्राहुती घातलेली आप्पांनी जन्मात पाहिली नव्हती. माझ्याकडे पाहून त्यांच्या ते लक्षात आलं आणि ते खाली मान घालून जेवू लागले. मी त्यांना वाढता वाढता हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते. ऐरावताने काशीबेनचा लाडूही संपवला.

पण आप्पांना गाडी होती. ते गेले, आणि रात्रीचं जेवण समोर आलं.

मी दार ओढून घेतलं. ऐरावताच्या थाळीभोवती पाणी फिरवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. खाल्लं नाही. मग मी उभ्यानेच भाकरीचा तुकडा हातात घेऊन त्याच्याभोवती पाणी शिंपडलं. त्याला हा थट्टेचा प्रकार वाटला असावा. तो बसून राहिला.

इथे एक सांगायला हवं. मी जेवायला बसत नाही. भावाच्या घरी सगळ्यांची पानं उठली की चुलीपाशी उभ्या उभ्या भाकरीवर कालवण घ्यायचं आणि भांडी घासायला लागायचं, हे इतकी वर्षं चाललंय. कोणी जाच केला असं नाही. भावजय चांगली आहे. पण मी बसले नाही म्हणून कोणाचा घास अडला असंही कधी झालं नाही. आणि देवाचं म्हणाल तर त्याची फुलं मी वेचते, गंध उगाळते, पण आमचं बोलणं नव्हतं. भांडण नाही, नुसता अबोला. आभार मानण्यासारखं त्याने माझ्यासाठी काय केलं होतं?

आणि आज हे कुत्रं माझ्यासाठी थांबलं होतं. इतक्या दिवसांच्या भुकेने त्याची जीभ लवलवत होती, पण मी पाटावर बसल्याशिवाय ते जेवणार नव्हतं.

मी पाट घेतला. ताट वाढून घेतलं. भाकरी, वांग्याची भाजी, काशीबेनचं लोणचं, ताक. ताट भरलेलं दिसलं की बरं वाटतं हे मी विसरले होते. हातात पाणी घेतलं आणि अडले. मंत्र मला कोणी शिकवला नव्हता. ऐरावत एकटक बघत होता. मग मी जे सुचलं ते म्हणाले. ज्याने जोंधळा पिकवला त्याचं भलं होवो. जिने लोणचं घातलं तिचं भलं होवो. ज्या म्हशीचं ताक तिचं भलं होवो. मामांच्या डोळ्याचं भलं होवो. पाणी फिरवलं, भाकरीचे चार कण ठेवले.

थाळी खडखडली. आम्ही दोघं जेवलो.

पुढच्या दिवसांत माझी यादी वाढत गेली. पारशी डॉक्टर आले, टांगेवाला आला, आगगाडीतल्या लाडू खाणाऱ्या बायका आल्या, भावजय आली. फार लांबण लागली की ऐरावत मोठ्याने जांभई देई, मग मी आटोपतं घेई. एवढ्या लोकांच्या हातांनी आपला घास तयार होतो हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. आणि गंमत म्हणजे काळजी कमी झाली. ती गेली नाही, पण संध्याकाळी मीही उंबऱ्यावर त्याच्या शेजारी बसू लागले. टांगा थांबला की मीही मान वर करी.

पट्टी

पट्टी सोडायच्या दिवशी मी ऐरावताला बरोबर नेलं. पट्टेवाल्याने अडवलं, तेव्हा आवारातल्या कडुलिंबाला, मामांच्या खिडकीसमोर, त्याला बांधलं. आत गेले. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता. डॉक्टरांनी पट्टी उलगडली, ओल्या कापसाने डोळा पुसला, आणि एक जाड भिंग डोळ्यासमोर धरलं. दुसऱ्या हाताची बोटं वर केली.

"काका, बोलो. केटला?"

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मामा बोटांकडे पाहतच नव्हते. चेहरा दगडासारखा. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात मामांनी डॉक्टरांच्या खांद्यावरून खिडकीकडे मान किंचित वळवली.

"ऐरावत रोडावलाय," ते म्हणाले.

"शूं कहे छे?" डॉक्टरांना कळेना. मी काय उत्तर दिलं आठवत नाही. मी हसत होते, रडत होते, डॉक्टरांना वाकून नमस्कार करत होते आणि ते घाबरून मागे सरकत होते.

"सगुणे, तू तर रोज म्हणत होतीस, जेवतोय म्हणून."

"आता जेवतो, मामा. देवाशप्पथ. आधी जेवत नव्हता."

मामा म्हणाले, "अरे, पाण्याचं सांगायचंच राहिलं! पण ते काय सांगायचं असतं? मग फिरवतं कोण? आप्पा येतो रोज?"

"मी फिरवते."

मामा जुन्या वळणाचे. पीलखान्यातसुद्धा सोवळ्याचा गडू वेगळा ठेवणारे. त्यांनी त्या एका नव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"तू?"

"मी. पाटावर बसून, ताट वाढून. मंत्र येत नाही, म्हणून ज्यांच्यामुळे जेवायला मिळालं त्यांची नावं घेते. तुमचंही घेते."

डॉक्टर एकदम ओरडले, "काका! आंखमां पाणी नहीं!" आणि घाईघाईने कापूस लावून पट्टी परत बांधू लागले. पट्टीखालून मामांनी हात पुढे केला. मी तो धरला.

"उन्हं वर आली असतील," ते म्हणाले. "जा घरी. त्याची जेवायची वेळ झाली. तुझीही."

मी बाहेर आले, कडुलिंबाची दोरी सोडली, आणि आम्ही दोघं घरी जाऊन जेवलो.